विंडोजची मुदत आणि आपला हंगाम: ऑपरेटिंग सिस्टीम कधी, कशी बदलायची

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दुसऱ्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डातले संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. टॅली उघडलं, शेतमालाच्या हिशोबाच्या पट्ट्या छापल्या गेल्या, जीएसटीचं पोर्टल चाललं. मग "काही होत नाही हो, हा सगळा नवीन मशीन खपवायचा धंदा आहे" हे मत पक्कं व्हायला वेळ लागला नाही. त्यात निम्मं खरं आहे. संगणक बंद पडत नाही. पण सपोर्ट संपणं म्हणजे नक्की काय संपणं हे कळलं नाही, तर माणूस एकतर घाबरून चालतं मशीन भंगारात देतो, नाहीतर बेफिकीर राहून अख्ख्या पतसंस्थेची खाती वाऱ्यावर सोडतो.

कंपनी जी तारीख जाहीर करते ती शेवटची. आपण बदल करायची तारीख आपल्या कामाच्या हंगामावरून ठरवायची आणि ती कंपनीच्या तारखेच्या बरीच अलीकडे पडली पाहिजे. खालचं सगळं त्याचीच तयारी आहे.

सपोर्ट संपतो म्हणजे काय संपतं

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे पॅच, सोडते. आपल्याकडे तो बहुधा रात्री उशिरा किंवा बुधवारी सकाळी येतो. सपोर्ट संपला की हे पॅच थांबतात. कृष्णेवरच्या बंधाऱ्याची डागडुजी थांबवली तर पाणी लगेच वाहून जात नाही, पण पुढे पडणारी प्रत्येक भेग तशीच राहते. इथे तेच होतं.

त्यात एक मेख आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा आतला भाग सारखा आहे. विंडोज ११ साठी पॅच आला की हल्लेखोर तो उलगडून पाहतात, नक्की कुठलं भोक बुजवलं ते शोधतात आणि तेच भोक जुन्या विंडोजमध्ये उघडं आहे का ते तपासतात. म्हणजे नव्याची दुरुस्ती हाच जुन्याच्या चोरीचा नकाशा होतो.

"आमच्याकडे अँटीव्हायरस आहे" हे उत्तर पुरेसं नाही. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, ते खरं. पण अँटीव्हायरस आलेला चोर ओळखतो, भिंतीचं भोक तो बुजवत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक कुलूपबंद केले. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. बळी पडलेल्यांत विंडोज ७ ची मशीन प्रचंड होती आणि विंडोज ७ तेव्हा सपोर्टमध्ये होतं, २०२० पर्यंत राहिलं. म्हणजे सपोर्ट असून अपडेट टाकलेलं नव्हतं. आपल्याकडे कितीतरी ऑफिसांत "अपडेटमुळे मशीन स्लो होतं" म्हणून सर्व्हिसवाल्याने अपडेट कायमचं बंद करून ठेवलेलं असतं. असं मशीन कागदावर सपोर्टमध्ये, प्रत्यक्षात बाहेर. आधी ते सुरू करा, मग तारखांची चर्चा.

सुरक्षेचं सोडा, पण जुनं मशीन खरं अडतं ते ब्राउझरपाशी. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी क्रोम त्यावर पुढे तीन वर्षं चाललं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोम ११० आलं आणि विंडोज ७ ची गाडी १०९ वर थांबली. त्यानंतर हळूहळू बँकेच्या, सरकारी साइट "ब्राउझर अपडेट करा" म्हणायला लागतात आणि मग ऐन रिटर्न भरायच्या दिवशी धावाधाव होते.

तारखा एक नव्हे, तीन

पहिली तारीख उत्पादनाची: विंडोज १० कधी संपलं, उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्स घराण्यातली फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) २२.०४ कधी संपणार. ही सगळ्यांना ठाऊक असते.

दुसरी व्हर्जनची, आणि इथेच लोक फसतात. "आमच्याकडे विंडोज ११ आहे" एवढ्याने भागत नाही. विंडोज ११ चं दरवर्षी एक नवं व्हर्जन येतं आणि होम व प्रो आवृत्त्यांना प्रत्येक व्हर्जनमागे २४ महिनेच पॅच मिळतात. एंटरप्राइझ आणि एज्युकेशनला ३६. व्हर्जनचं नाव सालावरून पडतं: २३एच२ म्हणजे २०२३ च्या दुसऱ्या सहामाहीतलं. होम-प्रोसाठी २३एच२ चा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला. २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ ला. चार वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप पहिल्याच व्हर्जनवर अडकला असेल तर तो विंडोज १० इतकाच उघडा आहे.

तिसरी तारीख वर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट विंडोज १० च्याच दिवशी संपला. सर्व्हरवर डेटाबेस बसलेला असतो त्याची तारीख वेगळी: एसक्यूएल सर्व्हर २०१४ जुलै २०२४ मध्ये गेला, २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६. विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७. पतसंस्थेच्या संचालकांनी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला आपल्या डेटाबेसची आणि सर्व्हरची अशा दोन तारखा लेखी विचाराव्यात. तोंडी उत्तर नेहमी "काळजी करू नका साहेब" असंच येतं.

तारखा बदलतातही. सेंटओएस ८ ही सर्व्हरची लिनक्स आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळू असं सांगितलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेरीस बंद. ज्यांनी त्या भरवशावर नुकतेच सर्व्हर उभे केले होते त्यांना वर्षभरात पुन्हा सगळं हलवावं लागलं. म्हणून तारीख एकदा लिहून ठेवली की झालं असं नाही, वर्षातून एकदा पुन्हा बघायची.

पायरी पहिली: वही घाला

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट. प्रत्येक मशीनला एक ओळ. त्यात काय हवं?

मशीन कुठे बसतं आणि कोण वापरतं. विंडोज लोगोचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं लिहा. जी खिडकी उघडते तिच्यात विंडोजचं व्हर्जन असतं. सेटिंग्जमधल्या सिस्टीम, अबाउट या पानावर प्रोसेसर, रॅम आणि सिस्टीम ३२ बिटची की ६४ बिटची हे दिसतं. तिन्ही उतरवून घ्या.

मग सगळ्यात महत्त्वाचा रकाना: या मशीनला काय काय चिकटलेलं आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वजनकाट्याची केबल, डिजिटल सहीचं टोकन, आधारचं बोटांचं यंत्र, डीटीपीवाल्याच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. विंडोज बदलताना विंडोज क्वचितच अडतं, अडतात ही चिकटलेली माणसं. म्हणजे यंत्रं, पण त्यांचा रुसवा माणसासारखाच. प्रत्येकाचं मॉडेल लिहा आणि कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर, आहे का ते आत्ताच बघून ठेवा.

शेवटचा रकाना: इंटरनेट आहे का, आणि या मशीनवरून पैसे हलतात का.

पायरी दुसरी: तीन ढीग

वही भरली की मशीन तीन गटांत टाका. नेटला जोडलेली आणि पैसे किंवा लोकांची माहिती हाताळणारी: पतसंस्थेचा काउंटर, सीएचं ऑफिस, मिरजेतली पॅथॉलॉजी लॅब, आपले सरकार सेवा केंद्र. यांना सवलत नाही. सपोर्ट संपलेला असेल तर हीच आधी.

दुसरा गट नेट असलेला पण हलक्या कामाचा: अभ्यासिकेतले संगणक, घरातलं मुलांचं मशीन. इथे वेळ आहे, आणि पर्यायही जास्त आहेत.

तिसऱ्या गटात एकच ठरावीक काम करणारी आणि नेटची गरज नसलेली मशीन येतात. कुपवाड एमआयडीसीतल्या जुन्या लेथला जोडलेला संगणक, शीतगृहाचं तापमान नोंदणारा डबा. त्यांचं विंडोज बदलायला गेलात तर यंत्रच बंद पडायची भीती. यांना हात लावू नका. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच घाला, आणि हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, पण असं एकटं ठेवलेलं एक्सपी अजून बिनधास्त चालू शकतं. घात होतो तो कोणीतरी "जरा यूट्यूब बघू" म्हणून केबल परत लावतो तेव्हा.

पायरी तिसरी: पर्याय निवडा

*विंडोज ११ वर जाणं.* मशीन पात्र असेल तर हाच सरळ रस्ता, आणि अस्सल लायसन्सच्या विंडोज १० वरून तो फुकट आहे. पात्रतेसाठी साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि पुढचे प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना विश्वासू सॉफ्टवेअरच चढतं ना हे तपासणारी सोय) आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. ४ जीबी हा कागदावरचा आकडा झाला. ८ पेक्षा कमी रॅमवर मी कुणाला जायला सांगणार नाही, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप चालवा. ते "टीपीएम नाही" म्हणालं तर लगेच हाय खाऊ नका. पुष्कळ मदरबोर्डांत टीपीएम असतो पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलमध्ये तो पीटीटी नावाने सापडतो, एएमडीमध्ये एफटीपीएम. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. नाहीतर मशीन सुरू होताना ४८ आकडी की मागतं आणि ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

विंडोज १० बत्तीस बिटचं असेल तर वरच्या वर, म्हणजे आतलं काही न पुसता, बदल होत नाही, नव्याने टाकावं लागतं, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. आडतीच्या पेढ्यांनी इथे सावध राहायला हवं. नव्वदच्या दशकातली डॉसवरची, फॉक्सप्रोमधली हिशोबाची सॉफ्टवेअर ३२ बिटवर अजून चालतात, ६४ बिट विंडोजवर ती सुरूच होत नाहीत. तुमची पट्टी अजून काळ्या पडद्यावर निघत असेल, तर आधी सॉफ्टवेअर बदला, त्याच्यावर एक हंगाम काढा, मग विंडोज.

पात्र नसलेल्या मशीनवर "बायपास मारून", म्हणजे पात्रतेची तपासणी चुकवून, विंडोज ११ टाकून देणारे बरेच आहेत. टाकता येतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ पासून तर फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. घरच्या मशीनवर हौस म्हणून ठीक. पतसंस्थेच्या काउंटरवर नको.

*मुदतवाढ घेणं.* विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात. त्यासाठी विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपास स्थानिक चलनात. एका अकाउंटवर दहा मशीनपर्यंत चालतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्याला, जोडलेली ऑफिसची मशीन यात बसत नाहीत. संस्थांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दुसऱ्या वर्षी शिरलात तरी पहिल्याचे पैसे भरावेच लागतात. तिसऱ्या वर्षाची रक्कम बघितली की नवीन मशीन स्वस्त वाटायला लागतं, आणि दर ठेवण्यामागचा हेतू बहुधा तोच असावा.

मुदतवाढ म्हणजे तोडगा नव्हे, हंगाम पार पाडायला मिळालेली सवड.

*लिनक्स.* दुसऱ्या गटातल्या मशीनसाठी हा उत्तम पर्याय आणि आपल्याकडे उगाच दुर्लक्षित. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. उबुंटू प्रोची नोंदणी केली की दहा, आणि वैयक्तिक वापरात पाच मशीनपर्यंत ती फुकट आहे. अधल्यामधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांत संपतात, त्या टाळा. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड व्यवस्थित चालतो. साताऱ्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत जिथे पोरं फक्त ब्राउझर आणि पीडीएफ उघडतात, तिथे चौथ्या पिढीचं मशीनही यावर छान पळतं. पण टॅली, डिजिटल सहीचं टोकन, डीटीपी असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका. जुळवता येतं, पण रोज कोण जुळवत बसणार?

पायरी चौथी: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

बॅकअप घेतला असं सगळेच सांगतात. परत उघडून पाहिलेला फार थोड्यांनी असतो. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, कंपनी उघडा, कालच्या तारखेची एन्ट्री दिसते का बघा. दिसली तरच तो बॅकअप.

डेटाबरोबर लोक विसरतात त्या गोष्टी: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, मराठी फॉन्टच्या फाइली, आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात ईमेल साठतात), डेस्कटॉपवर पडलेली "नवीन फोल्डर" नावाची सात फोल्डरं, प्रिंटरची सेटिंग आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या चाव्या. "फॉरमॅट मारून देतो, डी ड्राइव्ह तसाच राहील" यावर कधीच विसंबू नका.

एक प्रत जागेबाहेर हवी. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजवावं लागत नाही, तरी गणपती पेठेत अजूनही बॅकअपची हार्ड डिस्क तळमजल्यावर, त्याच टेबलाच्या खणात सापडते. ती विश्रामबागला घरी न्या, नाहीतर क्लाउडवर टाका.

पायरी पाचवी: दिवस ठरवा

आता हंगाम. विंडोजच्या तारखा बहुतेक ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी पडतात. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे दसरा-दिवाळीची खरेदी आणि कारखान्यांच्या गळिताची तयारी. म्हणजे शेवटच्या तारखेपर्यंत थांबलात तर हमखास अडचणीच्या दिवसांत सापडाल.

हळदीचा व्यापारी असेल तर फेब्रुवारी ते मे मशीनला हात लावू नये, आवक तेव्हाच. तासगावच्या बेदाण्याचंही जवळपास तेच. मार्च अखेर तर कुणाचाच नाही. या मंडळींना जून-जुलै बरा, आणि महिन्यातही जीएसटीच्या ११ आणि २० तारखा टाळून २१ नंतरचा शुक्रवार संध्याकाळ धरावा म्हणजे शनिवार-रविवार हाताशी राहतो. साखर कारखान्याच्या शेती विभागाला गाळप संपल्यावर, मे ते ऑगस्ट. शाळेला मे महिना. सीएंना माझ्या मते नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर. जुलै ते ऑक्टोबर त्यांना जेवायलाही वेळ नसतो.

म्हणून १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ज्यांना लागू आहे, मुदतवाढीतलं विंडोज १० असो वा विंडोज ११ चं २४एच२, त्यांनी वहीत ऑक्टोबर नव्हे, आपल्या रिकाम्या महिन्याची तारीख लिहावी. विंडोज ११ च्या एका व्हर्जनवरून पुढच्या व्हर्जनवर जाणं तासाभराचं काम असतं, त्याचा बाऊ नको. १० वरून ११ मात्र दोन दिवस धरून चला.

आणखी एक: पीसी सुरू होताना सिक्युअर बूट ज्या प्रमाणपत्रांवर विसंबतो त्यातली २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य व्हायला लागतात. नवीन प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधूनच येतात, सपोर्टमधल्या मशीनना. अपडेट बंद करून बसलेल्यांनी ते सुरू करायला हे आणखी एक कारण.

पायरी सहावी: एकावर करून बघा

सगळी मशीन एकाच रविवारी बदलायची हौस करू नका. सर्वात कमी महत्त्वाचं पण खरं काम करणारं एक मशीन घ्या, बदला आणि त्यावर पूर्ण महिना काढा. पावती छापा, टोकनने सही करा, रिटर्न भरा, वजनकाट्याचा आकडा येतो का बघा. महिनाअखेरीचा एखादा रिपोर्ट असतो जो इतर वेळी कुणी काढत नाही, आणि नेमका तोच अडतो.

वरच्या वर अपग्रेड केलं असेल तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क साफ करणारी सॉफ्टवेअर चालवू नका, जुन्या विंडोजचं फोल्डर त्यात उडतं आणि परतीची वाट बंद होते.

फोन

पतसंस्थेचे पिग्मी एजंट आता मोबाइलवर वसुली करतात, तेव्हा फोनही वहीत आला पाहिजे. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइड व्हर्जनच्या पानावर सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षापेक्षा जुनी असेल आणि "अपडेट तपासा" दाबूनही काही येत नसेल, तर त्या फोनवरून पैशाचं काम थांबवा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांची हमी दिली. स्वस्त फोनांना ती बरीच कमी असते, घेण्याआधी विचारा.

नवीन किंवा जुनं मशीन घेताना

विंडोज १० संपल्यापासून बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचे वापरलेले संगणक स्वस्तात आले आहेत, वर "विंडोज ११ लोडेड" अशी चिठ्ठी. प्रोसेसरचा आकडा वाचा. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. पहिलं मशीन अधिकृतपणे पात्र नाही, त्यावर बायपास मारलेला आहे. दुकानातच पीसी हेल्थ चेक चालवायला सांगा आणि ॲक्टिव्हेशनचं पान उघडून लायसन्स अस्सल आहे का ते बघा. क्रॅक मारलेलं विंडोज हे सपोर्टच्या तारखेपेक्षा मोठं भोक आहे, कारण तो क्रॅक कुणी आणि कशासाठी लिहिला हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर पुढच्या दुकानात जा. आणि मशीन घरी आलं की त्याच दिवशी वहीत त्याची ओळ घाला: व्हर्जन, त्याची संपायची तारीख, आणि त्याआधीचा तुमचा रिकामा महिना.